स्टॅग फील्ड : एका क्रीडांगणाची कारकीर्द

क्रीडांगणाचा इतिहास म्हणजे जयापजयांची जंत्री, प्रेक्षकसंख्येचे आकडे आणि जुन्या खेळाडूंच्या नावांची उजळणी, असा आपला सामान्यतः समज असतो व तो बहुतांशी खराही असतो. परंतु अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाच्या ‘स्टॅग फील्ड’ या क्रीडांगणाची हकीगत या समजुतीच्या चौकटीत मावत नाही. ज्या मैदानाने सुमारे सेहेचाळीस वर्षे आपल्या विद्यापीठास लौकिक आणि पैसा मिळवून दिला, त्यास जगाच्या इतिहासात कायमचे स्थान प्राप्त झाले ते त्यावरील खेळ बंद पडून तीन वर्षे लोटल्यानंतर, आणि तेही प्रत्यक्ष मैदानामुळे नव्हे, तर प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली ओस पडलेल्या एका दालनामुळे.

शिकागो विद्यापीठाची स्थापना १८९० साली, तेलाच्या व्यापारात अलोट संपत्ती मिळविलेल्या जॉन डी. रॉकफेलर यांच्या देणगीतून झाली आणि १ ऑक्टोबर १८९२ रोजी तेथील अध्यापनास प्रारंभ झाला. पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर हे हिब्रू आदी प्राचीन सेमिटिक भाषांचे पंडित. परंतु ज्यांचे पांडित्य व्यवहाराच्या आड येत नाही अशा विरळा विद्वानांपैकी ते एक होते. पूर्वेकडील हार्वर्ड, येल यांसारख्या जुन्या पीठांच्या पंक्तीस एक कोरे करकरीत विद्यापीठ बसवावयाचे, तर केवळ नामांकित अध्यापक जमवून भागणार नाही, शहरातील सामान्य नागरिकाच्या तोंडीही विद्यापीठाचे नाव यावयास हवे, हे त्यांनी ओळखले. आणि सामान्य नागरिकास ग्रीक व्याकरणापेक्षा फुटबॉलचे अगत्य अधिक असते हेही ते जाणून होते. सबब विद्यापीठाचे दरवाजे उघडण्यापूर्वीच त्यांनी आमोस अलोन्झो स्टॅग नावाच्या एका तरुणास सालिना २,५०० डॉलर वेतनावर शारीरिक शिक्षणाच्या खात्याचा प्रमुख नेमले, आणि त्यास अध्यापकवर्गात कायमचे स्थान दिले. खेळाच्या प्रशिक्षकाने प्राध्यापकांच्या मांडीला मांडी लावून बसावे ही गोष्ट त्या काळी अपूर्व होती.

हे स्टॅग मूळचे न्यू जर्सी संस्थानातील वेस्ट ऑरेंज गावचे. येल येथे ते धर्मोपदेशक होण्याच्या हेतूने शिकू लागले होते व तेथेच हार्पर त्यांचे गुरू होते. परंतु प्रवचनपीठ हे आपले क्षेत्र नव्हे अशी खात्री पटल्यावर त्यांनी तरुणांस मैदानावरूनच सन्मार्गास लावण्याचा निश्चय केला. मद्य, तंबाखू व शिवीगाळ यांस त्यांच्याजवळ थारा नव्हता. क्रोधाची परमावधी झाली म्हणजे ते खेळाडूस ‘गाढव’ म्हणत, आणि तेवढ्यानेही समाधान न झाल्यास ‘दुप्पट गाढव’ म्हणत, असे त्यांचे शिष्य सांगत असत. पहिल्या मोसमात गडी पुरेना, तेव्हा हे प्रशिक्षक महाशय स्वतःच संघात उतरले.

खेळावयास जागा मिळाली ती मार्शल फील्ड या शिकागोतील बड्या कापडव्यापाऱ्याच्या औदार्याने. विद्यापीठाच्या मूळ भूमीपैकी बराच भाग त्यांनीच दिला होता. त्यालगतची, सत्तावन्नाव्या रस्त्याच्या उत्तरेकडील आणखी जमीन त्यांनी मैदानासाठी उपलब्ध करून दिली आणि १८९३ पासून तेथे सामने सुरू झाले. दात्याच्या नावावरून त्यास ‘मार्शल फील्ड’ म्हणू लागले. सुरुवातीस तेथे लाकडी बाकांपलीकडे काही नव्हते.

येथे वाचकांच्या सोयीसाठी एक खुलासा करणे अवश्य आहे. अमेरिकेत ज्यास फुटबॉल म्हणतात तो आपल्याकडील शाळा-मैदानांवर दिसणारा खेळ नव्हे. त्यातील चेंडू लांबट असतो, तो बहुतेक वेळ हातात धरून पळावयाचे असते, आणि अकरा गड्यांच्या संघाने ठरावीक प्रयत्नांत ठरावीक अंतर पुढे सरकले नाही, तर चेंडू प्रतिपक्षाच्या ताब्यात जातो. १९०५ पर्यंत हे अंतर अवघे पाच यार्ड होते आणि चेंडू हाताने पुढे फेकण्यास बंदी होती. परिणामी सारा संघ एका घट्ट जथ्याने प्रतिपक्षावर कोसळे. हाडे मोडत, प्रसंगी प्राणही जात. शेवटी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना विद्यापीठांच्या प्रतिनिधींस आपल्या निवासस्थानी बोलावून कानउघाडणी करावी लागली, आणि पुढल्याच साली हे अंतर दहा यार्डांवर नेऊन चेंडू पुढे फेकण्यास मुभा देण्यात आली. शिकागोच्या अध्यापकवर्गातही या प्रकारास नाके मुरडणारे होतेच. थॉर्स्टीन व्हेब्लेन हे अर्थशास्त्रज्ञ त्याच विद्यापीठाच्या पगारपत्रकावर होते आणि १८९९ च्या आपल्या गाजलेल्या ग्रंथात त्यांनी श्रीमंत वर्गाच्या इतर हौसांबरोबर या क्रीडावेडाचीही यथेच्छ टवाळी केली होती. पण टीकाकारांच्या नाकांपेक्षा तिकीटघरापुढील रांग लांब होती. १८९६ साली मध्य-पश्चिमेकडील सात विद्यापीठांनी मिळून जो क्रीडासंघ स्थापिला आणि जो पुढे ‘बिग टेन’ या नावाने प्रसिद्धीस आला, त्याच्या संस्थापकांत शिकागो होते व त्याचे अजिंक्यपद शिकागोने सात वेळा पटकाविले.

या मैदानावरील सर्वांत संस्मरणीय सामना ३० नोव्हेंबर १९०५ चा. मिशिगनचा संघ १९०१ पासून ओळीने छप्पन सामने अपराजित राहिला होता. पंचवीस हजारांहून अधिक लोक थंडीत कुडकुडत पाहत होते, आणि दोन्ही संघांचा बचाव असा अभेद्य की उत्तरार्ध सरत आला तरी फलक कोराच. अशा वेळी शिकागोच्या वॉल्टर एकरसॉलने लाथेने उंच उडविलेला चेंडू मिशिगनच्या गड्याने आपल्याच गोलरेषेपाशी धरला, तेथून बाहेर निसटण्याचा यत्न केला आणि शिकागोच्या गड्यांनी त्यास उचलल्यासारखे करून पुन्हा रेषेमागे लोटले. या प्रमादाबद्दल प्रतिपक्षास दोन गुण मिळतात. सामना २–० असा संपला आणि छप्पन सामन्यांचा दिग्विजय त्या दोन गुणांवर आपटून फुटला. ज्या हार्परांनी या खेळावर विद्यापीठाच्या कीर्तीची भिस्त ठेवली होती, ते पुढे सहा आठवड्यांच्या आतच कर्करोगाने निवर्तले.

लाकडी बाके गर्दीस अपुरी पडू लागली. १९१३ च्या सुमारास पश्चिमेस काँक्रीटची भव्य प्रेक्षकवेदी उभारण्यात आली आणि मैदानाभोवती तटबंदी घालण्यात आली. विद्यापीठाच्या इतर इमारती इंग्लंडमधील मध्ययुगीन महाविद्यालयांच्या धर्तीवर बांधलेल्या. त्यांच्याशी मेळ साधावा म्हणून या प्रेक्षकवेदीची रस्त्याकडील बाजूही बुरूज व कंगोरे देऊन एखाद्या किल्ल्यासारखी सजविली. पायऱ्यांच्या पोटात जी पोकळी राहिली तीत कपडे बदलण्याच्या खोल्या आणि स्क्वॉश वगैरे खेळांची बंदिस्त दालने करण्यात आली. याच सुमारास मैदानाचे नाव बदलून ‘स्टॅग फील्ड’ ठेवण्यात आले. हयात व नोकरीत असलेल्या माणसाचा असा सन्मान क्वचितच होतो. पुढे वाढत वाढत तेथे सुमारे पन्नास हजार प्रेक्षकांची सोय झाली. अमेरिकेतील सर्व महाविद्यालयांची पहिली राष्ट्रीय मैदानी स्पर्धा १९२१ साली येथेच झाली. १९२२ च्या ऑक्टोबरात प्रिन्स्टनशी झालेल्या सामन्याचे वर्णन टेलिफोनच्या तारांवरून न्यूयॉर्कला पोहोचवून तेथील नभोवाणी केंद्राने प्रक्षेपित केले, आणि सुमारे आठशे मैल दूर बसलेल्या श्रोत्यांनी शिकागोचा निसटता पराभव घरबसल्या ऐकला. १९२४ साली इलिनॉयचा विख्यात धावपटू रेड ग्रेंज याने तीन वेळा गोलरेषा ओलांडूनही शिकागोने २१–२१ अशी बरोबरी साधली. त्या वर्षीचे अजिंक्यपद हे शिकागोचे शेवटचे ठरले.

उतरणीस लागलेल्या संस्थेची कारणे शोधणारे बहुधा एखाद्या व्यक्तीवर बोट ठेवतात. येथे ते बोट रॉबर्ट हचिन्स यांच्याकडे वळते. १९२९ साली वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी ते विद्यापीठाचे अध्यक्ष झाले, आणि विद्यापीठ हे विद्येचेच स्थान असावे, करमणुकीचे नव्हे, हे मत त्यांनी कधी लपवून ठेवले नाही. परंतु माझ्या मते खरे कारण त्यांच्या आगमनापूर्वीच रुजले होते. इतर विद्यापीठे खेळाडूंसाठी सुलभ अभ्यासक्रमांच्या पळवाटा काढीत असता शिकागोने तसे केले नाही. उलट १९३१ च्या नव्या शिक्षणयोजनेने परीक्षा अधिकच कठीण केल्या. आसपासच्या राज्य-विद्यापीठांची विद्यार्थिसंख्या अनेक पटींनी वाढली, आणि धंदेवाईक फुटबॉल संघांनी शहरातील प्रेक्षक ओढून नेला. तशातही जे बर्वांगर याच्यासारखा हिरा निपजला. देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूस देण्यात येणाऱ्या, पुढे ‘हाइझमन’ नावाने प्रसिद्ध झालेल्या पारितोषिकाचा १९३५ सालचा तो पहिला मानकरी. धंदेवाईक संघांनी १९३६ साली जेव्हा प्रथम खेळाडूंची निवड केली, तेव्हा पहिले नाव त्याचेच पुकारले गेले आणि त्याने ते मान्य केले नाही.

स्टॅग यांस मात्र १९३२ च्या मोसमानंतर, सत्तराव्या वर्षी निवृत्तीचा नियम दाखवून बाजूस करण्यात आले. दुसरा कोणी असता तर निवृत्तिवेतन घेऊन आठवणी लिहीत बसला असता. यांनी दूर कॅलिफोर्नियातील एका लहान महाविद्यालयात नव्याने नोकरी धरली. १९३८ साली तो पॅसिफिक महाविद्यालयाचा संघ घेऊन शहात्तर वर्षांचा हा म्हातारा आपलेच नाव धारण करणाऱ्या मैदानावर उतरला आणि आपल्याच जुन्या विद्यापीठास ३२–० असे लोळवून परत गेला. क्रीडेच्या इतिहासात याहून नेमका सूड माझ्या वाचनात आलेला नाही. ते पुढे १०२ वर्षांचे होऊन १९६५ साली वारले.

१९३९ च्या मोसमात अब्रूचे धिंडवडे निघाले. मिशिगनने ८५–०, हार्वर्डने ६१–०, ओहायो स्टेटनेही ६१–० आणि इलिनॉयने ४६–० अशी धूळ चारली. २१ डिसेंबर १९३९ रोजी विश्वस्त मंडळाने फुटबॉल बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. माजी विद्यार्थी हळहळले, वृत्तपत्रांनी रकाने भरले. पण देणग्या आटल्या नाहीत व विद्यापीठ बुडाले नाही. पन्नास हजारांच्या प्रेक्षकवेदीस मात्र कोणी धनी उरला नाही.

आणि नेमकी हीच ओसाडी पुढे उपयोगी पडली.

१९४२ साली अमेरिका महायुद्धात गुंतली असता, जर्मनी आपल्या आधी अणुबाँब तयार करील या धास्तीने सरकारने जे गुप्त संशोधन आरंभिले, त्याचा एक प्रमुख विभाग शिकागो विद्यापीठात आर्थर कॉम्प्टन यांच्या हाताखाली काम करीत होता. बाहेरच्यांस संशय येऊ नये म्हणून त्यास ‘धातुशास्त्रीय प्रयोगशाळा’ असे निरुपद्रवी नाव देण्यात आले होते. फॅसिस्ट इटलीतून देशांतर केलेले भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांच्याकडे मुख्य कामगिरी होती. युरेनियमच्या अणुकेंद्रावर न्यूट्रॉन आदळला असता ते दुभंगते, ऊर्जा बाहेर पडते आणि सोबत दोन-तीन नवे न्यूट्रॉन सुटतात, हे १९३९ पासून शास्त्रज्ञांस ज्ञात होते. या नव्या न्यूट्रॉनांपैकी सरासरी एकाहून अधिकाने जर पुढील केंद्र फोडले, तर व्याजावर व्याज चढत जावे तशी ही क्रिया आपोआप वाढत राहील. एकाहून कमी असेल तर विझून जाईल. काही न्यूट्रॉन वाया जातात, काही बाहेर निसटतात, आणि जे उरतात ते इतके वेगवान असतात की नैसर्गिक युरेनियमात त्यांचा फारसा उपयोग होत नाही. त्यांचा वेग मंद करण्यासाठी अत्यंत शुद्ध ग्रॅफाइटमध्ये युरेनियमचे गोळे ठरावीक अंतरावर मांडावयाचे आणि ही रास पुरेशी मोठी करावयाची, अशी फर्मींची योजना होती.

ही रास शहराबाहेर, आर्गोन नावाच्या अरण्यात रचावयाचे ठरले होते. परंतु बांधकाम मजुरांच्या तंट्यामुळे तेथील इमारत वेळेवर होईना. तेव्हा फर्मींनी कॉम्प्टन यांच्यापुढे तजवीज मांडली की, स्टॅग फील्डच्या पश्चिम प्रेक्षकवेदीखालील स्क्वॉशचे दालन हाताशी आहे, प्राथमिक प्रयोग तेथे झालेलेच आहेत, मग हाही तेथेच का करू नये? दालन सुमारे साठ फूट लांब, तीस फूट रुंद आणि सव्वीस फूट उंच होते. दाट लोकवस्तीच्या शहरात, जी क्रिया आजवर कोणी पाहिली नव्हती ती सुरू करावयाची होती. कॉम्प्टन यांनी फर्मींची गणिते तपासली व मंजुरी दिली. अध्यक्ष हचिन्स यांस मात्र विचारले नाही. कायद्याचे जाणकार असलेल्या हचिन्स यांस विचारले तर ‘नको’ हेच उत्तर देणे त्यांस भाग पडेल आणि ते उत्तर चुकीचे ठरेल, असे समर्थन कॉम्प्टन यांनी पुढे लिहून ठेवले आहे. गणित बरोबर निघाले म्हणून हे समर्थन खपून गेले. लक्षावधी नागरिकांच्या सुरक्षिततेचा निर्णय काही माणसांनी बंद दाराआड घ्यावा आणि यश आल्यावर त्यास दूरदृष्टी म्हणावे, हे मला तरी पटत नाही.

१६ नोव्हेंबर १९४२ रोजी रचना सुरू झाली. वॉल्टर झिन आणि हर्बर्ट अँडरसन यांच्या देखरेखीखाली दोन पाळ्यांत काम चाले. शास्त्रज्ञांच्या जोडीस सैन्यात भरतीची वाट पाहणारी, जवळच्या कत्तलखान्यांच्या वस्तीतील पोरे मजुरीवर घेतली होती. आपण काय रचीत आहोत याची त्यांना कल्पना नव्हती. ग्रॅफाइटच्या भुकटीने जमीन निसरडी व माणसे काळीठिक्कर होत. दालनात उष्णतेची सोय नव्हती, आणि बाहेर पहारा करणारे शिपाई थंडीने गारठत. तेव्हा कोणास तरी प्रेक्षकवेदीखालील जुन्या कपाटांत रकून नावाच्या प्राण्याच्या कातड्याचे जाडजूड कोट सापडले, जे फुटबॉलच्या वैभवकाळात मिरविण्याची फॅशन होती. ते कोट अंगावर चढवून हे शिपाई जगातील सर्वांत गुप्त प्रयोगावर पहारा करीत उभे राहिले. या मैदानाच्या दोन आयुष्यांची गाठ पडली ती इतकीच.

सुमारे ४५,००० विटा, म्हणजे जवळजवळ ३६० टन ग्रॅफाइट, त्यात सुमारे पाच टन युरेनियम धातू आणि चाळीस टनांहून अधिक युरेनियम ऑक्साइड, असे सत्तावन्न थर चढले. लाकडी चौकटीत बसविलेला हा चपटा काळा ढीग वीस फूट उंच झाला. न्यूट्रॉन अधाशीपणे शोषून घेणाऱ्या कॅडमियमचे पत्रे लावलेले दांडे त्यात सरकविलेले होते. ते आत असेतोवर क्रिया दबलेली राही. येथे निसर्गाने माणसावर एक उपकार करून ठेवला आहे. विखंडनातून सुटणाऱ्या न्यूट्रॉनांपैकी शेकड्यास एकाहूनही कमी न्यूट्रॉन काही सेकंद उशिराने बाहेर पडतात आणि एवढ्या अल्प विलंबामुळेच ही क्रिया हाताने दांडा ओढून आवरता येण्याइतकी संथ होते. १ डिसेंबरच्या रात्री शेवटचा थर बसला तेव्हा अँडरसन पाळीवर होते. दांडे काढले तर ही रास आत्ताच पेटेल हे त्यांस कळले होते. परंतु फर्मींस दिलेल्या वचनाप्रमाणे त्यांनी दांडे कुलूपबंद केले आणि घर गाठले.

२ डिसेंबरला सकाळी एकोणपन्नास माणसे हजर झाली; त्यांत लिओना वूड्स ही एकच स्त्री होती. सज्जावरून फर्मी आज्ञा देत आणि खाली जॉर्ज वाइल शेवटचा दांडा थोडा थोडा बाहेर ओढीत. प्रत्येक टप्प्यास फर्मी पट्टीवर गणित करून मापकाचा काटा कोठे स्थिरावेल ते आधी सांगत आणि काटा तेथेच स्थिरावे. आणीबाणीचा दांडा दोरीने वर बांधलेला होता, ती तोडण्यासाठी नॉर्मन हिलबेरी कुऱ्हाड घेऊन उभे होते, आणि राशीच्या माथ्याशी तिघे तरुण कॅडमियमयुक्त द्रावणाच्या बादल्या घेऊन सज्ज होते. साडेअकराच्या सुमारास फार खालच्या पातळीवर लावलेला आपोआप पडणारा दांडा खटकन आत गेला. सारे दचकले, फर्मींनी शांतपणे जाहीर केले की जेवणाची वेळ झाली आहे. दुपारी साडेतीनच्या सुमारास काटा स्थिर न होता चढतच राहिला. प्रत्येक न्यूट्रॉनामागे पुढील पिढीत १.०००६ न्यूट्रॉन, एवढीच ती वाढ. निर्माण झालेली शक्ती अर्धा वॅट, जीवर हातबत्तीचा दिवाही धड पेटणार नाही. अठ्ठावीस मिनिटांनी फर्मींनी दांडे आत टाकावयास सांगितले. युजीन विग्नर यांनी इटालियन मद्याची एक बाटली आणली होती. ती कागदी पेल्यांतून सर्वांनी थोडी थोडी घेतली आणि तिच्या वेष्टनावर सह्या केल्या. लोक पांगल्यावर मागे राहिलेल्या लिओ सिलार्ड यांनी फर्मींशी हस्तांदोलन केले आणि हा दिवस मानवजातीच्या इतिहासात काळा म्हणून गणला जाईल, अशी भीती व्यक्त केली. येथे जो मार्ग खुला झाला, त्यानेच पुढे नागासाकीवरील बाँबचे प्लुटोनियम निघाले, आणि त्यानेच पुढे अणुविद्युतही आली. आपल्या मुंबईत ट्रॉम्बे येथे भारताची पहिली अणुभट्टी ‘अप्सरा’ कार्यान्वित झाली ती १९५६ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे या घटनेनंतर चौदा वर्षांच्या आत.

रास तेथे फार काळ राहिली नाही. १९४३ च्या फेब्रुवारीत ती उकलून आर्गोन अरण्यात नेण्यात आली. पश्चिमेकडील प्रेक्षकवेदी १९५७ साली जमीनदोस्त झाली. आधुनिक युगाच्या एवढ्या मोठ्या घटनेची वास्तू अशी सहज पाडली जावी, याचे आज आश्चर्य वाटते. जागेस राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला तो १९६५ मध्ये, पाडण्यासारखे तेथे काही उरले नव्हते तेव्हा. २ डिसेंबर १९६७ रोजी, घटनेस पंचवीस वर्षे झाल्याच्या दिवशी, इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचे सुमारे बारा फूट उंचीचे कांस्यशिल्प तेथे उघडण्यात आले. त्याच्या घुमटाकार माथ्यात कोणास अणुस्फोटाचा ढग दिसतो, कोणास मानवी कवटी. उरलेल्या मैदानावर रेगेन्स्टाइन ग्रंथालय उठले व १९७० साली वाचकांस खुले झाले. त्याच्या शेजारी २०११ साली काचेच्या घुमटाखाली मनसुएटो ग्रंथालय झाले असून त्याच्या तळघरात पस्तीस लक्ष ग्रंथांची सोय आहे. मैदानाचे जे झाले ते पाहून हचिन्स यांस खचितच समाधान वाटले असते.

फुटबॉल मात्र पुन्हा परतला. १९६३ साली त्याचे पुनरागमन होऊ घातले, तेव्हा विद्यार्थ्यांनी जुन्या मैदानाच्या मधोमध बैठक मारून सामना रोखून धरला होता. परंतु १९६९ मध्ये विद्यापीठाचा अधिकृत संघ अस्तित्वात आलाच. जुन्या मैदानाच्या वायव्येस काही रस्ते ओलांडून नवे क्रीडांगण झाले, त्यास स्टॅग यांचेच नाव देण्यात आले आणि जुन्या तटबंदीतील एक दरवाजा तेथे नेऊन बसविण्यात आला. हा संघ आता राष्ट्रीय क्रीडासंघटनेच्या तृतीय श्रेणीत खेळतो, आणि त्या श्रेणीच्या नियमाप्रमाणे तेथे केवळ खेळाच्या बळावर कोणासही शिष्यवृत्ती दिली जात नाही.